खोली नंबर सहा, माणसं चार

तनुजाबाई पहिल्यांदा कुरणवाडीत आल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि निम्मी वाडी झोपलेली होती. रात्रपाळी करून आलेली माणसं ती. बाईंनी तीन दारं वाजवली. पहिलं उघडलंच नाही. दुसऱ्यातून एकानं डोळे चोळत "बाद में आना" म्हणून दार लावून घेतलं. तिसऱ्या दारातल्या बाईनं ‘जनगणना’ हा शब्द ऐकला आणि आत जाऊन कडी घातली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल आणि पाठीला शाळेची सॅक अशा त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

पलीकडं मेथीच्या वाफ्याला पाणी देत असलेले बबनराव बोत्रे हे सगळं बघत होते. त्यांनी पाइप खाली ठेवला.

"वाट चुकला का, बाई?"

"वाट बरोबर आहे, बाबा. वेळ चुकली बहुतेक."

बबनराव हसले. "व्हय. आता उठवलं तर माणसं चार नावं कमीच सांगत्याली. सावलीत बसा जरा. साडेतीनला पयली पाळी सुटती. चारला सगळी येत्यात, तवा मीच येतो तुमच्यासंगं."

बबनरावांना वाडीतलं प्रत्येक दार ठाऊक होतं. वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं त्यांनी चिंचवडच्या एका कंपनीत रंगकामाच्या विभागात काढली होती, पण रोज कंपनीची बस पकडून संध्याकाळी परत वाडीलाच यायचे. मागच्या जनगणनेच्या वेळी, सोळा वर्षांपूर्वी, कुरणवाडीत सदतीस घरं आणि एकशे त्र्याहत्तर माणसं होती. हा आकडा त्यांना पाठ होता, कारण तेव्हाचे गुरुजी शेवटच्या दिवशी त्यांच्याच ओट्यावर बसून बेरीज करत होते आणि बबनरावांची बायको, गवराबाई, चहा देताना म्हणाली होती, "गुरुजी, बाळू बोत्र्याची सून दिवसांत हाय, एक आकडा हातचा ठिवा."

त्यानंतर महाळुंग्याच्या बाजूनं कंपन्यांच्या भिंती सरकत वाडीपर्यंत आल्या. जमिनी गेल्या. उरलेल्या तुकड्यावर ज्यानं त्यानं भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि बरेचजण मोशीला, निगडीला, प्राधिकरणात राहायला गेले. आता वाडीत खोल्याच खोल्या होत्या. परभणी, यवतमाळ, बिहार, ओडिशा, कुठकुठली माणसं त्यात राहत होती. जुन्या बोत्र्यांची पाच घरं तेवढी उरली होती, आणि त्यातल्या एकात बबनराव एकटे झोपायचे. गवराबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा ओंकार, बायको मंजुषा आणि मुलीसह, निगडीला सहाव्या मजल्यावर राहत होता.

तर असे बबनराव बाईंच्या बरोबर दारोदार फिरू लागले. शाळा सुटली की तनुजाबाई स्कूटीवरून यायच्या, दिवस मावळेपर्यंत थांबायच्या. मागच्या उन्हाळ्यात जनगणनेची माणसं घरांना नंबर टाकून गेली होती, त्या नंबरांच्या मागं माणसं किती हे आता मोजायचं होतं. बबनराव दार वाजवायचे आणि म्हणायचे, "मी हाय रं, बोत्रे. शाळंतल्या बाई हायेत. खोली खाली करायला न्हाई आल्या. नाव सांगा, बस." एवढ्यावर दार उघडायचं. बाई माहिती लिहून घ्यायला लागल्या की बबनराव बाहेर जाऊन उभे राहायचे, कारण पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं की कुणाची माहिती कुणी ऐकायची नाही. पण खोल्या दहा बाय दहाच्या. कानावर पडायचं ते पडायचंच.

एका खोलीत वायरिंगच्या कंपनीत जाणाऱ्या पाच मुली राहत होत्या. चौघींनी भराभर नावं सांगितली. पाचवी गप्प बसली. यवतमाळकडची होती. म्हणाली, "मॅडम, आईनं गावी माझं नाव लिहायचं ठरवलंय. इथं लिहिलं तर ती म्हणेल, पोरगी घरातून कमी झाली."

"तू इथं किती वर्षं आहेस?"

"दोन."

"मग इथंच लिहायचं. जो जिथं राहतो, जेवतो, तिथं तो मोजायचा. आईचं घर तुझंच राहतं गं. त्याला कोण हात लावतंय?"

मुलगी तरी घुटमळत होती. तेव्हा बबनरावांना बाहेरून राहवलं नाही. "लिव की बाय. आईला मी फोनवर सांगतो पायजे तर." मुलगी हसली आणि तिनं नाव सांगितलं. त्या वेळी बबनरावांना वाटलंही नव्हतं की हाच पेच आपल्याला पडणार आहे.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून त्या गुरुवारी तनुजाबाई सकाळीच आल्या. बबनरावांच्या स्वतःच्या सहा खोल्यांची लाइन त्यांनी त्या दिवसासाठी राखून ठेवली होती. पाच खोल्या अकरापर्यंत झाल्या. सहाव्या खोलीत आदिनाथ राहत होता. गंगाखेडकडचा, कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसशॉपला काम करणारा, बोलायला कमी. त्याची बायको तेजल आणि पाच वर्षांची मुलगी स्नेहल. तेजलनं बाईंना बसायला खुर्ची दिली आणि खुर्चीवरचे घड्या घातलेले कपडे पटकन कॉटवर टाकले.

"तुमच्या घरात एकूण माणसं किती?" बाईंनी विचारलं. "म्हणजे एका स्वयंपाकात जेवणारी."

"चार," तेजल म्हणाली.

बाईंनी आदिनाथचं लिहिलं, तेजलचं लिहिलं, स्नेहलची जन्मतारीख लिहिली. मग मान वर करून म्हणाल्या, "आणि चौथं?"

तेजलनं दाराकडं हात केला. दाराबाहेर, चौकटीला एक हात लावून बबनराव उभे होते.

"आबा," ती म्हणाली.

बबनराव एकदम मागं सरले. "न्हाई न्हाई, बाई. माझं घर त्ये पलीकडं हाय. सतरा नंबर. मला तिकडं लिवा. एकला."

"तिकडं स्वयंपाक होतो का, बाबा?"

बबनरावांनी चौकटीवरचा हात काढला. सतरा नंबरच्या स्वयंपाकघरात दोन वर्षं शेगडी पेटली नव्हती. ओट्यावर कांदे पसरलेले होते आणि शेगडीशेजारी औषध फवारायचा पंप ठेवलेला होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांना चिकनगुनिया झाला होता. सांधे असे धरले की पाण्याचा तांब्या उचलवेना. ओंकारला त्यांनी फोनवर "जरा कणकण हाय" एवढंच सांगितलं. दुधाची पिशवी दुपारपर्यंत दारातच पडलेली तेजलला दिसली, आणि ती दार ढकलून आत आली. मऊ भात आणि वरण घेऊन ती पंधरा दिवस येत राहिली. बरं वाटल्यावर बबनरावांनी तिला सांगितलं, आता माझं मी करतो. एक दिवस केलंही. दुसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून ओट्यापुढं उभी राहिली. म्हणाली, "आबा, चार भाकरी थापायच्या तिथं मी सवयीनं सहा थापल्या. आता त्या टाकून देऊ का?"

तेव्हापासून ते सहा नंबरमध्येच जेवत होते. सकाळी वाफ्यातली भाजी काढून तिच्या दारात ठेवायचे. स्नेहलला अंगणवाडीत सोडायचे, आणायचे. वाडीत याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण ते रोजचंच झालं होतं. पण बबनरावांनी ते स्वतःच्या तोंडानं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. ओंकारला तर नाहीच.

"आनखी एक हाय, बाई," ते खाली बघत म्हणाले. "पोरानं निगडीलाबी माझं नाव घातलंय. मोबाईलवर भरलं म्हनं त्यानं. सोमवारी फोन आल्ता."

तनुजाबाईंनी मोबाईल मांडीवर ठेवला. "म्हणजे बाबा, तुम्ही एकटेच तीन घरांत?"

आदिनाथला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं. बबनरावांनाही आलं असतं, पण आलं नाही.

"असं नाही चालत," बाई हळू म्हणाल्या. "परवा त्या मुलीला आपणच सांगितलं ना? मुलाशी बोलून घ्या. मी बाकीची लाइन करते आणि दोन वाजता परत येते. तोवर हे पूर्ण करत नाही."

बबनरावांनी वाफ्याच्या बांधावर बसून ओंकारला फोन लावला. काय बोलायचं ते नीट जमवलं नव्हतं, त्यामुळं सरळच सांगितलं. मी सहा नंबरमधी जेवतो, दोन वर्षं झाली. बाई म्हणत्यात तिथंच नाव लागंल. मग ओंकार म्हणाला, "मी येतो," आणि फोन ठेवला.

ओंकार भोसरीच्या एका कंपनीत होता, त्यालाही गुरुवारची सुट्टी. पाऊण तासात त्याची गाडी वाडीच्या तोंडाशी लागली. सतरा नंबरच्या दारात त्यानं चप्पल काढली, वडिलांच्या पाया पडला आणि थेट स्वयंपाकघरात गेला. कांदे बघितले, पंप बघितला. शेगडीचं बटण फिरवून बघितलं. बबनराव दारात उभे होते.

"आबा, मला वाटायचं तुम्ही करून खाता. मी दर वेळी विचारायचो, जेवलात का, तुम्ही म्हणायचात जेवलो."

"जेवलेलोच असायचो की."

"चेष्टा करू नका." ओंकारचा आवाज चढला नाही, पण बसल्यासारखा झाला. "भाडेकरूच्या घरात तुमचं नाव लावायचं? उद्या कुणी बोत्र्यानं विचारलं, बाप कुठं असतो, तर मी काय सांगू? मंजुषा रोज म्हणते आबांना आणा. तिनं काही कमी केलं का तुम्हाला?"

"मंजुषा मला कधी वाकडं बोलली न्हाई," बबनराव म्हणाले. "तिच्यावर ढकलू नको."

गवराबाई गेल्यावर ते चार महिने निगडीला राहिले होते. खोली वेगळी होती, खिडकीतून लांबवर झाडं दिसायची. सकाळी ओंकार कंपनीत जायचा, मंजुषा बँकेत, नात तेजस्विनी शाळेत. मंजुषा गरम राहील अशा डब्यात जेवण भरून ठेवायची आणि डब्यावर चिठ्ठी लावायची, यात काय, त्यात काय. बबनराव डबा उघडायचे, जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे. मग संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसायचे.

"तिथं मला सगळं व्हतं," ते म्हणाले. "पर माझ्याकडनं कुणाला काय लागत नव्हतं. इथं मी जुडी काढून दिली तर दुपारची भाजी व्हती. यायला उशीर झाला तर ती पोरगी माझ्यावर डाफरती. आबा, ताट निवलं म्हनती. मला त्ये बरं वाटतं, ओंकार. आता ह्ये तुला कसं सांगायचं?"

"असंच सांगायचं होतं."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता वाटलंच की."

"व्हय," बबनराव म्हणाले.

शेजारच्या कंपनीतून सुट्टीच्या दिवशीही कसली तरी मोटार चालल्याचा आवाज येत होता. ओंकारनं ओट्यावरचा एक कांदा उचलला, त्याचं टरफल सोलत राहिला. मग वडिलांकडं न बघता म्हणाला, "फॉर्म भरताना मंजुषा म्हणाली होती, आबा इथं राहत नाहीत, त्यांचं नाव कसं लिहायचं? मीच म्हणालो, लिही. नुसती तीन नावं बघवेनात मला. तुमचं पहिलं घातलंय. कुटुंबप्रमुख म्हणून."

बबनरावांना हे माहीत नव्हतं. सहाव्या मजल्यावरच्या त्या घरात ते वर्षातून दिवाळीचे चार दिवस जायचे, आणि त्या घराचा प्रमुख म्हणून पोरानं त्यांचं नाव लावलं होतं. त्यांनी उपरण्याच्या टोकानं चेहरा पुसला, घाम आल्यासारखा. पुढं होऊन त्यांनी ओंकारच्या पाठीवर हात ठेवला. पोराचं लग्न झाल्यापासून असा हात त्यांनी ठेवला नव्हता. ओंकार कांदा सोलायचा थांबला.

तेवढ्यात बाहेरून स्नेहलची हाक आली. "आबा, भाकरी झाल्या. आई म्हणली, पाव्हण्यालाबी आणा."

ओंकार आधी नको म्हणाला, घरून खाऊन निघालोय म्हणाला. बबनरावांनी काही आग्रह केला नाही, नुसते दारात थांबले. मग तो उठला.

सहा नंबरमध्ये चार ताटं मांडली होती. आदिनाथनं नवी बेडशीट काढून जमिनीवर दुमडून घातली होती. मालकाचा मुलगा असा कधी आला नव्हता, त्यामुळं तो अवघडून उभा होता. ओंकार बसायच्या आधीच तो म्हणाला, "साहेब, आमचं काही चुकलं असंल तर सांगा. आबांचं नाव सांगायच्या आधी तुमाला विचारायला पाहिजे होतं. हिच्या तोंडातून निघून गेलं."

"साहेब नका म्हणू हो," ओंकार म्हणाला. "बसा तुम्ही. तुमचं काही चुकलेलं नाही."

तेजलनं वाढलं. ज्वारीची भाकरी, मेथीची डाळ घालून केलेली पातळ भाजी, ठेचा. बबनरावांच्या ताटात तिनं भाजी वेगळ्या वाटीतून वाढली आणि ठेचा वाढलाच नाही.

"आबांना वेगळी?" ओंकारनं विचारलं.

"त्यांना मीठ कमी लागतंय. दिवाळीपासून डॉक्टरनं गोळी बदलली ना. आधीची सकाळची होती, ही जेवल्यावर घ्यायची असती." तिनं फळीवरच्या डब्याकडं हात केला. "इथंच ठेवते मी. त्यांच्या ध्यानात राहात न्हाई."

गोळी बदललेली ओंकारला माहीत नव्हतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. भाजीत बुडवून खाल्ला, मग आणखी एक मोडला. भाकरी त्यानं दोन खाल्ल्या आणि तिसरी अर्धी मागून घेतली. स्नेहल त्याच्याकडं टक लावून बघत होती. अखेर तिनं विचारलं, "तुमी आबाचे कोन?"

"मुलगा."

"एवढे मोठे?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा सगळेजण हसले.

दोन वाजता तनुजाबाई आल्या. ताटं उचललेली होती आणि बबनराव गोळी घेत होते. ओंकारनं स्वतःची ओळख सांगितली. "आमच्याकडं उद्या तुमच्यासारख्याच एक मॅडम माहिती पडताळायला येणार आहेत," तो म्हणाला. "त्यांना सांगून मी आबांचं नाव तिथून कमी करतो. तुम्ही इथं लिहा." त्यानं ते एका दमात सांगितलं आणि मग खाली बघून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला.

बबनरावांनी मान हलवली.

"मग कुटुंबप्रमुख कोण लिहायचं?" बाईंनी विचारलं. "घरातली माणसं ज्याला मानतात तो."

"आबाच लिहा," आदिनाथ म्हणाला. "वयानंबी मोठे आहेत. आमी त्यांना विचारल्याबिगर काय करत न्हाई."

"न्हाई," बबनराव म्हणाले. आता त्यांचा आवाज पक्का होता. "बाई, आदिनाथ लिवा. घर त्यो चालीवतो. मी त्याच्या घरात जेवतो, त्यो माझ्यात जेवत न्हाई. माझं नाव शेवटी घाला, चार नंबरला."

"बरं. आणि आदिनाथशी तुमचं नातं?" बाईंनी मोबाईलवरची यादी वाचायला सुरुवात केली. मुलगा, आई, वडील, सासरा, भाऊ अशी ती यादी बरीच लांब होती. शेवटी त्या थांबल्या. "यातलं काही बसत नाही. मग शेवटचा पर्याय राहतो, नातं नाही."

"असं कसं?" तेजल म्हणाली. तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. "नातं न्हाई म्हणून कसं लिहिता, मॅडम? दोन वर्षं आमी काय नातं नसलेल्याला जेवू घालू लागलोत का? वडील लिहा त्यांना. कोण बघायला येतंय?"

बाई अवघडल्या. ओंकारही अवघडला. त्याच्यासमोर त्याच्या बापाला कुणी वडील म्हणून मागत होतं. पण उत्तर बबनरावांनीच दिलं.

"तेजल, खोटं लिवायला नगं. माझा पोरगा इथं उभा हाय. नातं न्हाई ह्ये खरं हाय, आन् रोजचं जेवाण हाय ह्येबी खरं हाय. दोन्ही खरंच लिवू दे की. बाई काय तुझी भाकरी खोडायला लागल्या न्हाईत."

तेजलनं तोंड फिरवलं आणि ओल्या हातानंच भांडी लावायला घेतली. थोड्या वेळानं तिकडूनच म्हणाली, "लिहा मग."

तनुजाबाईंनी लिहिलं. नाव, वय, जन्माचं ठिकाण कुरणवाडी. विधुर. शिक्षण सातवी. सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "खोली नंबर सहा, माणसं चार. झालं." सतरा नंबरच्या घरापुढं त्यांनी कुटुंब राहत नाही अशी नोंद केली. ती करताना त्यांनी एकदा बबनरावांकडं बघितलं. बबनराव स्नेहलच्या केसांतून निघालेली रिबीन बांधत होते, त्यांचं लक्ष नव्हतं, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

ओंकार निघाला तेव्हा ऊन उतरलं होतं. वडिलांनी मेथीच्या चार जुड्या आणि कोथिंबीर पिशवीत भरून दिली. "मंजुषाला सांग, निवडून ठिवलीय, नुसती धू." गाडीजवळ गेलेला ओंकार परत फिरला आणि सहा नंबरच्या दारात आला. तेजल बाहेर आली.

"ताई, तुमचा मोबाईल नंबर द्याल का?" तो म्हणाला. "माझ्याकडं नाहीच आहे. दोन वर्षांत कधी घेतला नाही मी."

तेजलनं नंबर सांगितला. त्यानं तो नोंदवला, लगेच तिथूनच फोन लावला, आत कुठंतरी तिचा फोन वाजला. "हा माझा," तो म्हणाला. "आबांना काही झालं, कणकण जरी आली, तरी मला सांगा. ते सांगायचे नाहीत."

"सांगते," ती म्हणाली. मग म्हणाली, "दादा, त्यांना पापड-लोणचं नको म्हणून सांगितलंय डॉक्टरनं. दिवाळीला तुमच्याकडं आले की लक्ष ठेवा. मागच्या वेळी तिकडून आले तर पाय सुजले होते."

"ठेवतो," ओंकार म्हणाला.

कुरणवाडीचं काम संपायला तनुजाबाईंना आणखी आठ दिवस लागले. शेवटच्या संध्याकाळी त्या बबनरावांच्या ओट्यावर बसून पडताळणी करत होत्या. बबनरावांनी त्यांच्यासाठी सहा नंबरमधून चहा आणवला होता.

"आकडा काय आला, बाई? सांगायचा नसंल तर ऱ्हाऊ द्या."

"एकूण सांगायला काय हरकत आहे? सातशे बारा."

बबनरावांनी तो आकडा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. सातशे बारा. एवढी माणसं वाडीत कधीच नव्हती. मग ते बोटांवर जुन्या घरांतली माणसं मोजू लागले. खालच्या आळीतली सात, सोपानरावाकडची पाच, भिमाबाई आणि तिचा लेक, पलीकडचे सातजण. "आमी बोत्रे एकवीस," ते म्हणाले. "आन् मी बाविसावा. निगडीला गेलो असतो तर एकवीसच राह्यले असते."

"बावीस," तनुजाबाई म्हणाल्या. "पण बाबा, परवा कुणीतरी मला सांगत होतं, तुमच्या खालच्या आळीत एक सून दिवसांत आहे म्हणून."

"व्हय की," बबनराव म्हणाले. "आन् खोल्यांतल्या तीन. सगळ्या चैताच्या आत मोकळ्या व्हत्याल." त्या चौघींची नावं आणि त्या कुठल्या गावच्या हेसुद्धा त्यांनी सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं नाही, त्याला रकाना नव्हता, पण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चहा संपवून त्या उठल्या. वाकून त्यांच्या पाया पडल्या आणि स्कूटीला किल्ली लावली.

त्या गेल्यावर बबनराव हातपाय धुऊन सहा नंबरमध्ये जेवायला गेले. आदिनाथ दुसऱ्या पाळीला होता. स्नेहल कॉटवर पालथी पडून चित्र रंगवत होती. तेजल तव्यावर भाकरी उलटत होती आणि कानाशी खांद्यानं मोबाईल धरून कुणाशी तरी बोलत होती.

"आत्ता आले," ती म्हणत होती. "बसतायत बघा. न्हाई न्हाई, आज वांगं केलंय. हो, गोळी घेतली की सांगते."

बबनरावांनी पाट ओढला. "कोन गं?"

"दादा," तेजल म्हणाली. "सोमवारपासून रोज करतात. थांबा, देते." तिनं पीठ लागलेल्या हातानं फोन त्यांच्याकडं केला.

बबनरावांनी तो कानाला लावला. "बोल, ओंकार."

"काही नाही, आबा," पलीकडून ओंकार म्हणाला. "मंजुषा विचारतेय, पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं आलो तर ताईंना फार होईल का स्वयंपाक?"

बबनरावांनी फोनवर हात ठेवून तेजलला विचारलं. ती तवा उतरवत म्हणाली, "त्यात काय व्हायचं? फक्त पीठ जास्तीचं दळून आणा म्हणावं तुमच्या आदिनाथला."